गोकर्णीचा निळा रंग कुठे हरवतो?

पावसाने उघडीप दिलेल्या सकाळी कुंपणावरच्या गोकर्णीला चार-सहा ताजी फुले आलेली असतात. मोरचुदाच्या खड्यालाही मागे टाकील असा तो गडद निळा रंग. आपण खिशातून फोन काढता, वाकून छायाचित्र घेता आणि पाहता तो काय, पडद्यावर फूल जांभळे झालेले! पुन्हा घेता, पुन्हा तेच. शेवटी तेच चित्र दूरगावच्या बहिणीला धाडता आणि तिचे उत्तर येते, ‘‘जांभळी गोकर्ण किती सुरेख आहे! माझ्यासाठी बी ठेव.’’

बागेची आवड असलेल्या घरांतून ही तक्रार सर्रास ऐकू येते. लाल जास्वंदीचा सपाट गोळा होतो, अबोली गुलाबी पडते, मोगऱ्याच्या पांढऱ्यावर निळसर झाक चढते. फोन स्वस्तातला म्हणून असे होते, हा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. लाखभर रुपयांचा कॅमेराही याच फुलांपुढे अडखळतो. आणि आरोग्याच्या पाक्षिकात या तक्रारीला जागा कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, तर त्याचे उत्तर असे की, फुलाचा रंग पारखताना आपण दोन गोष्टी नकळत पारखत असतो. एक म्हणजे स्वतःचा डोळा. दुसरी म्हणजे तोच फोन, ज्याने आपण मुलाच्या अंगावरच्या पुरळाचे छायाचित्र काढून डॉक्टरांना पाठवतो.

डोळ्याचा हिशेब आणि फोनचा अंदाज

भरदुपारी अंगणात पांढरा दिसणारा सदरा रात्री पिवळ्या दिव्याखालीही आपल्याला पांढराच दिसतो. वस्तुतः त्यावरून डोळ्यांत शिरणारा प्रकाश दोन्ही वेळी अगदी निराळा असतो. परंतु मेंदू भोवतालच्या उजेडाचा हिशेब करून त्याची वजावट करतो आणि ‘सदरा पांढरा’ असा निकाल आपल्या हाती ठेवतो. ही वजावट इतकी अखंड चाललेली असते की, तिची जाणीवच आपल्याला उरत नाही.

उजेडाचा हा निराळेपणा मोजण्यासाठी ‘रंगतापमान’ नावाचे माप आहे, ते केल्विनमध्ये सांगतात. मेणबत्तीची ज्योत सुमारे १९०० केल्विन, तारेचा जुना पिवळा दिवा २७०० ते २८००, दुपारचे ऊन ५५०० च्या आसपास, ढगाळ आकाश ६५००, आणि निरभ्र आकाशाखालच्या सावलीत हा आकडा ७००० च्याही पुढे जातो. गंमत अशी की, आपण बोलताना पिवळ्या-तांबड्या छटांना उष्ण आणि निळ्या छटांना शीतल म्हणतो. या मापात नेमके उलट, आकडा जितका मोठा तितका उजेड निळा.

फोनही मेंदूसारखीच वजावट करू पाहतो. तिला ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणतात. मेंदूला मात्र सारे अंगण दिसत असते, भिंत कोणत्या रंगाची आहे ते ठाऊक असते. फोनपुढे फक्त चौकटीत मावलेला तुकडा असतो. त्या तुकड्यात सगळीकडे एकच रंग पसरला, तर प्रकाशच तसा असावा, असा त्याचा समज होतो. झेंडूच्या फुलाजवळ इतके जा की चौकट केशरी रंगाने भरून जाईल. फोन त्यात निळा मिसळून केशराची धग विझवील. म्हणजे ज्या चित्रात फुलाचा रंग हाच मुख्य विषय, त्याच चित्रात ही चूक सर्वांत ठळक होते.

गोकर्णीच्या बाबतीत पाने आड येतात. वेल दाट असतो, चौकटभर हिरवे दिसते, आणि प्रकाश हिरवा असावा असे मानून फोन चित्रात किरमिजी छटा घालतो. निळ्यात किरमिजी मिसळल्यावर जांभळ्याखेरीज काय निघणार? शहरांतील बाल्कन्यांमध्ये त्यात हिरव्या शेडनेटची भर पडते. उन्हाची तिरीप थोपवायला ती जाळी उपयुक्त खरी. पण तिच्याखाली उतरणारा उजेडच हिरवा असतो. पाने तरारलेली दिसतात आणि गुलाब मात्र मरगळतात. जवळची विटकरी भिंत, निळी ताडपत्री, छायाचित्र घेणाऱ्याचा स्वतःचा भडक शर्ट, हेही आपापला रंग पाकळीवर टाकीत असतात. फुलाचे चित्र घेताना फिका, शक्यतो राखाडी कपडा अंगावर असावा, हा जुन्या छायाचित्रकारांचा नेम उगाच पडलेला नाही.

यावर उपाय एकच, तो म्हणजे फोनला अंदाज करू न देणे. ज्या उजेडात फूल आहे त्याच उजेडात, फुलाला खेटून, रंगहीन अशी एखादी वस्तू धरावी आणि ‘ही वस्तू बिनरंगाची आहे, त्यावरून बाकीचे ठरव’ असे यंत्राला सांगावे. छायाचित्रणाच्या साहित्याच्या दुकानांत याकरिता राखाडी कार्ड मिळते. परंपरेने ते आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी १८ टक्के परत फेकते. ते नसेल तर हात सहज कागदाकडे जातो, आणि इथे सावध राहावे. छपाईच्या पांढऱ्या कागदात तो अधिक शुभ्र दिसावा म्हणून चमक आणणारी द्रव्ये घातलेली असतात; उन्हातील अतिनील किरण पडले की ती निळसर उजळतात. नीळ दिलेल्या धोतराची किंवा चादरीची गोष्टही तीच. त्यापेक्षा नळकामाच्या दुकानात मिळणारी टेफ्लॉनची पांढरी टेप घ्यावी. एका पुठ्ठ्यावर तिचे दहा-पंधरा थर एकावर एक ताणून गुंडाळले की मागचा पुठ्ठा दिसेनासा होतो आणि अल्प खर्चात पुष्कळच विश्वासार्ह असा तटस्थ पांढरा तुकडा हाताशी येतो. प्रयोगशाळांत प्रकाश मोजताना जे प्रमाण-पांढरे वापरतात, तेही याच जातीच्या द्रव्यापासून केलेले असते.

कॅमेऱ्यात ‘कस्टम व्हाइट बॅलन्स’ची सोय असेल तर हा तुकडा दाखवून ती नोंद करावी. फोनमध्ये ‘प्रो’ पद्धत असल्यास केल्विनची पट्टी सरकवीत न्यावी, आणि तुकडा ना पिवळा ना निळा दिसू लागला की तिथे थांबावे. यांतील काहीच नसेल, तरी एक चित्र तुकड्यासह आणि लगेच दुसरे त्याच्याविना घ्यावे. नंतर संपादनाच्या ॲपमधील ड्रॉपर त्या तुकड्यावर टेकवला की पहिल्या चित्राची छटा सरळ होते. तीच दुरुस्ती दुसऱ्याला लावायची. ऐकताना हे किचकट वाटते. हाताला सवय झाली की चहाला उकळी येण्याइतकाही वेळ लागत नाही.

व्यावसायिक लोक याहून एक पाऊल पुढे जाऊन १९७६ साली आलेला चोवीस चौकोनांचा रंगपट वापरतात. त्या चौकोनांना नावे आहेत. पहिल्याच ओळीत गडद त्वचा, उजळ त्वचा, निळे आकाश, पर्णसंभार आणि त्यानंतर चक्क ‘निळे फूल’ असे चौकोन येतात. रंग तपासण्याचे साधन घडवणाऱ्यांना माणसाची कातडी आणि निळे फूल एकाच पंगतीला बसवावेसे वाटले, हे ध्यानात ठेवा.

लाल का फुटतो, निळा का ढळतो

उजेडाची छटा दुरुस्त केल्यावरही जास्वंद पुष्कळदा सपाटच राहते. पाकळीवरच्या शिरा, कडेची चुणी, मध्यभागीचा गडदपणा सारे एका लाल डागात बुडून जाते. याचे कारण कॅमेऱ्याच्या पोटात आहे. प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर सूक्ष्म गाळण्यांची जाळी असते. ब्राइस बायर या कोडॅकच्या शास्त्रज्ञाने आखलेल्या आणि १९७६ मध्येच पेटंट मिळालेल्या मांडणीत निम्मी घरे हिरवी, पाव लाल आणि पाव निळी असतात. कारण आपल्या डोळ्यालाही बारकावे हिरव्याच्या आसपास अधिक कळतात. एकंदर उजेड बेताचा आहे ना, हे ठरवताना यंत्राचा कल हिरव्याकडे राहतो. जास्वंदीच्या पाकळीवरून हिरवा जवळजवळ येतच नाही. तेव्हा ‘उजेड कमी आहे’ असे समजून यंत्र चित्र उजळू पाहते आणि लाल घरे काठोकाठ भरून वाहू लागतात. भरलेल्या घागरीत आणखी किती पाणी ओतले, हे कसे सांगता येणार? तिथले बारकावे कायमचे गेलेले असतात. नंतर कितीही काळोखी चढवली तरी ते परत येत नाहीत.

म्हणून लाल, किरमिजी आणि गडद केशरी फुलांसाठी चित्र मुद्दाम थोडे अंधारे घ्यावे. फोनवर फुलाला बोटाने स्पर्श करताच बाजूला सूर्याचे चिन्ह येते. ते खाली ओढायचे. कॅमेऱ्यात एक्स्पोजर उणे दोनतृतीयांश ते उणे एक ठेवले तर बहुधा भागते. कडक उन्हात लाल फूल टिपण्याचा मोह आवरावा. ढगाळ सकाळ सर्वांत चांगली. ती नसेल तर फूल छत्रीच्या सावलीत घ्यावे, छत्री मात्र काळी किंवा पांढरी. रंगीत छत्री म्हणजे वरून धरलेली आणखी एक शेडनेट. फोनमधील ‘फूल ओळखून रंग खुलवणारी’ स्वयंचलित सोय असल्यास ती बंद करावी. माझ्या मते बागेच्या चित्रांची सर्वाधिक नासाडी ही सोयच करते. तिला फूल कसे आहे याच्याशी कर्तव्य नसते, ते कसे आवडेल याच्याशी असते.

निळ्याची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. रीळ घालून चित्रे काढण्याच्या काळापासून अ‍ॅजेरॅटम नावाची निळी बागफुले चित्रात गुलाबट येतात, हे छायाचित्रकारांना ठाऊक होते; त्या फुलावरूनच या दोषाला ‘अ‍ॅजेरॅटम परिणाम’ असे नाव मिळाले. आपला डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाहतो आणि लालाच्या टोकाकडे त्याची शक्ती झपाट्याने क्षीण होते. कित्येक निळी फुले निळ्याबरोबरच या टोकापलीकडचा, आपल्याला जवळजवळ न दिसणारा लालही भरपूर परावर्तित करतात. आपल्या लेखी तो नसल्यासारखाच. फिल्मला मात्र तो जाणवे, आणि डिजिटल कॅमेऱ्यातील सिलिकॉनला तर ११०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण जाणवतात. ते थोपवण्यासाठी आत एक गाळणी बसवलेली असते. ती नेमकी कुठून अडवू लागते हे दर बनावटीगणिक थोडे वेगळे. त्यामुळे एकाच वेलावरचे एकच फूल दोन फोनांत दोन रंगांचे निघते, आणि दोन्ही फोन आपापल्या परीने खरे बोलत असतात.

गोकर्णीसाठी मग करावे काय? उघड्या सावलीत घ्यावे, तटस्थ तुकड्यावरून उजेडाची छटा सरळ करावी, आणि तरीही जांभळी झाक उरली तर संपादनात फक्त निळ्या-जांभळ्याचा गट निवडून तो किंचित निळ्याकडे वळवावा. सगळे चित्र निळे करू नये, नाहीतर पाने आजारी दिसतील. हे काम ताजे फूल शेजारी ठेवूनच करायचे. ‘असा असा होता’ म्हणून आठवणीतून रंग लावला तर तो हटकून भडक लागतो. स्मृतीला रंग गडद करण्याची खोड आहे.

काही पाकळ्या याउपरही हाती लागत नाहीत. पडद्यांसाठी १९९६ साली ठरवलेल्या प्रचलित रंगमर्यादेत निसर्गातील अतिशय तजेलदार रंग मावतच नाहीत. अशा वेळी शब्दांचा आधार घ्यावा. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९६६ पासून फुलांच्या रंगांचा क्रमांकित पट प्रसिद्ध केला आहे. पाकळी त्यावर ठेवून क्रमांक टिपतात. तो महाग आहे. पण मराठी घरांत साड्यांच्या निमित्ताने असा एक तोंडी पट पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलाच आहे. आमसुली, डाळिंबी, गुलबक्षी, मोतिया, श्रीखंडी, मोरपंखी, वांगी, चिंतामणी… चित्राखाली ‘डाळिंबी, कडेला आमसुली’ एवढे लिहिले तरी आजीला जे कळायचे ते कळते. ‘गडद लाल’ने ते कळत नाही.

वेळेची नोंदही त्यासोबत हवी; कारण फूलच रंग बदलते. मधुमालती संध्याकाळी पांढरी उमलते, मग गुलाबी होते आणि पुढे लाल. घाणेरीच्या एकाच गुच्छात आतली फुले पिवळी आणि बाहेरची, आधी उमललेली, गुलाबी वा लाल असतात. हायड्रेंजियाचे एकच झाड आम्लधर्मी मातीत अ‍ॅल्युमिनियम शोषून निळे होते आणि अल्कधर्मी मातीत गुलाबी. अशा झाडांच्या बाबतीत ‘खरा रंग कोणता’ या प्रश्नाला दिवस-वेळेविना अर्थ नाही.

पाहणारा पडदाही तपासून घ्यावा. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून लावलेली पिवळसर छटा फोनवर तशीच राहून गेली असेल, तर त्यावर केलेली प्रत्येक दुरुस्ती वाकडी जाईल. ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘नॅचरल’ ही निवड करावी. दिवाणखान्याच्या पिवळ्या दिव्याखाली नव्हे, खिडकीपाशी बसून रंग ठरवावा.

आता डोळ्याकडे

इथवर आपण गृहीत धरले की डोळा खरा आणि फोन खोटा. तेही नेहमीच धरता येत नाही.

१७९२ सालची गोष्ट. अणुसिद्धान्तामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले जॉन डाल्टन यांनी जिरेनियमचे एक फूल मेणबत्तीच्या उजेडात पाहिले आणि ते चकित झाले. इतरांना गुलाबी दिसणारे ते फूल डाल्टन यांना दिवसा जवळजवळ आकाशी निळे दिसत असे. मेणबत्तीपुढे ते एकदम लालसर झाले. त्यांनी मित्रांना विचारले. कोणालाच असा पालट जाणवला नाही. जाणवला तो केवळ त्यांच्या भावाला. दोघा भावांची दृष्टी इतरांहून निराळी आहे, हे एका फुलामुळे उघड झाले. १७९४ मध्ये डाल्टन यांनी मँचेस्टरमधील विद्वत्सभेपुढे यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यांतील द्रव निळसर असावा, असा त्यांचा तर्क होता आणि मृत्यूनंतर तो पडताळावा, अशी सूचना त्यांनी करून ठेवली होती. १८४४ मध्ये ते वारले. डोळा उघडला तेव्हा द्रव स्वच्छ निघाला. जपून ठेवलेल्या त्या डोळ्याच्या अवशेषांतील जनुकांची तपासणी १९९५ मध्ये झाली, आणि मध्यम तरंगलांबीचा, म्हणजे ढोबळमानाने हिरव्याचा, प्रकाश टिपणारे रंगद्रव्य डाल्टन यांच्याजवळ नव्हते, हे सिद्ध झाले.

आपल्या दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांपैकी एक प्रकार नसला किंवा त्याचे गुणधर्म बदललेले असले, तर लाल-हिरव्यातील भेद पुसट होतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने दोष प्रायः मुलग्यांत दिसतो आणि तो आईकडून येतो. आईची स्वतःची दृष्टी बहुधा अगदी चांगली असते. युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे ८ टक्के पुरुषांना आणि अर्धा टक्का स्त्रियांना तो असतो. भारतात प्रमाण काहीसे कमी आढळते, तरी दुर्मीळ म्हणण्यासारखे नाही. पूजेसाठी जास्वंदी काढायला पाठवलेला मुलगा लांबून फुले न दिसल्यामुळे रिकाम्या हाताने परततो, पाने तपकिरी रंगवतो, पिकलेल्या-कच्च्या मिरच्या निवडताना घोटाळतो. घरचे त्याला वेंधळा म्हणतात. त्याला रागावण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. १९१७ पासून वापरात असलेल्या इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या चित्रांनी पाच मिनिटांत उलगडा होतो. यावर औषध नाही आणि बहुतेकांना त्याची गरजही भासत नाही. परंतु रेल्वेचा चालक, वैमानिक अशा काही वाटांवर रंगदृष्टीची अट असते. ती गोष्ट विसाव्या वर्षी वैद्यकीय तपासणीच्या खोलीत कळण्यापेक्षा बाराव्या वर्षी घरात कळलेली बरी.

वार्धक्यातला बदल याहून संथ असतो. डोळ्यातील भिंग वयाबरोबर पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. मोतीबिंदू वाढला की हे फारच जाणवते. किंवा जाणवत नाही, कारण मेंदूची ती वजावट इथेही चालूच असते. बदल वर्षानुवर्षे तसूतसूने होत असल्याने आजोबांना आपले काही हरवले आहे, हेच समजत नाही. कमळांची चित्रे रंगवणारे क्लोद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदूचे निदान झाले. पुढच्या दशकात त्यांच्या चित्रांत तांबूस-तपकिरी रंग दाटत गेले. १९२३ मध्ये उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा जग त्यांना नको इतके निळे दिसू लागले आणि रंगीत काचांचा चष्मा वापरावा लागला. आजही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक वृद्ध ‘सगळे निळे-पांढरे दिसते’ म्हणून घाबरतात. बहुतेकांच्या बाबतीत ती झाक काही आठवड्यांत अंगवळणी पडते. पडली नाही तर डॉक्टरांना जरूर सांगावे.

घरच्या बागेत करता येण्याजोगी एक साधी पडताळणी आहे. तांबडी जास्वंद हातात धरून आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने पाहावी. दोन्हींचा लाल सारखाच दिसायला हवा. एका डोळ्याला तो फिका, विटलेला, गुलाबटलेला वाटला, विशेषतः हा फरक अलीकडे पडला असेल किंवा डोळा हलवताना दुखत असेल, तर नेत्रतज्ज्ञांची भेट लांबवू नये. दृष्टीच्या नसेला सूज आल्याचे ते लक्षण असू शकते. दोन्ही डोळे सारखे निघाले म्हणजे डोळे निरोगी, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ही घरगुती पडताळणी आहे, तपासणी नव्हे.

औषधांचाही विचार करावा. क्षयरोगावरील इथॅम्ब्युटॉल या औषधाने काही रुग्णांच्या दृष्टीच्या नसेला इजा होते आणि लाल-हिरवा ओळखणे अवघड जाणे हे त्याचे आरंभीचे लक्षण असू शकते. हृदयविकारात दिल्या जाणाऱ्या डिगॉक्सिनचे प्रमाण रक्तात वाढले की पांढऱ्या फुलांना पिवळी झाक दिसू शकते. योगायोग असा की हे औषधही डिजिटॅलिस नावाच्या फुलझाडापासूनच मिळते. औषध घेणाऱ्या व्यक्तीने फुलांचे रंग बदलल्याची तक्रार केली तर तिला हसण्यावारी नेऊ नये. आपल्या मनाने गोळी बंदही करू नये. त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवावे.

हाच फोन, डॉक्टरांसाठी

रंगपटावर त्वचा आणि निळे फूल शेजारी का बसतात, ते आता उमगेल. जास्वंदीवरची लाली फुगवणारा फोन पुरळावरची लालीही फुगवतो. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या चित्रात निरोगी बाळ कावीळ झाल्यासारखे दिसते आणि निळसर ट्यूबलाइटखाली कावीळ झालेले बाळ निरोगी. सावळ्या कातडीवर लालसरपणा बहुधा वांगी किंवा तपकिरी छटेत दिसतो; फोनने ‘सौंदर्य’ वाढवणारी सोय लावली असेल तर तोही नाहीसा होतो.

तेव्हा अशा चित्रासाठी बागेतलाच पाठ गिरवावा. दिवसा खिडकीपाशी, थेट उन्हात नव्हे. दिवे आणि फ्लॅश बंद. रंगीत पडदा बाजूला सारावा, खाली रंगीत दुपटे नको. टेफ्लॉनचा तो तुकडा त्वचेच्या शेजारी ठेवून त्याच चौकटीत घ्यावा, म्हणजे पाहणाऱ्याला उजेडाची कल्पना येते. दुसऱ्या हातावरची निरोगी त्वचाही त्याच जागी, त्याच उजेडात टिपावी. तुलनेने जे कळते ते एकट्या चित्राने कळत नाही. एक चित्र दुरून, एक जवळून. संपादन मुळीच करू नये, आणि चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास त्यातील बारकावे टिकतात. सोबत तारीख, वेळ आणि काय होते आहे ते दोन ओळींत लिहावे.

इतके केल्यावरही चित्र हे चित्रच. नवजात बाळाच्या काविळीची तीव्रता अनुभवी नजरेलाही केवळ रंगावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी बिलिरुबिनची तपासणी लागते, आणि जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत कावीळ दिसली तर चित्र काढीत बसण्याची वेळ नसते. तसेच बाळाच्या शौचाचे. तान्ह्या बाळाची शी पिवळी, हिरवट, तपकिरी कशीही असू शकते. ती राखेसारखी, चुन्यासारखी पांढुरकी होऊ लागली तर यकृतातून पित्त उतरण्याचा मार्ग बंद असण्याची शक्यता असते. या आजारातील शस्त्रक्रियेचा लाभ बाळ दोन महिन्यांचे होण्याआधी ती झाल्यास अधिक होतो. म्हणूनच तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या आईला शौचाच्या रंगांचे छापील कार्ड देतात. असे कार्ड हाताशी नसताना फोनच्या पडद्यावर रंग ताडून ‘तितका पांढरा नाही बहुतेक’ असे समाधान करून घेऊ नये. मळलेला लंगोट तसाच पिशवीत घालावा आणि बाळाबरोबर बालरोगतज्ज्ञांकडे न्यावा.